विजयदुर्गचें ग्रहण आणि खगोलभौतिकीचीं नियतकालिकें

१. इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं दप्तरांतील रुमाल, बखरी, शकावल्या, ताम्रपट आणि शिलालेख हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. वेधशाळांचे वृत्तांत आणि शास्त्रीय नियतकालिकें हींहि साधनेंच होत, ही गोष्ट आपल्यांतील पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. आम्ही हें टिपण नागपूर शहराच्या उत्तर भागांतील जरीपटका ह्या वस्तींत बसून लिहीत आहों. मराठ्यांच्या निशाणाचें नांव ह्या वस्तीस लाभल्यामुळें तें दररोज सहस्रावधि लोकांच्या तोंडीं असतें. परंतु ह्याच नागपुराजवळ घोगली नांवाच्या खेड्यांत स्कॉटलंडचे राजज्योतिषी राल्फ कोपलंड ह्यांनीं इ. स. १८९८ मध्यें खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घेतले, ही गोष्ट कितीशा नागपूरकरांस ठाऊक असेल? उलटपक्षीं, इ. स. १८६८ मध्यें विजयदुर्गावर हेलियम वायूचा शोध लागला, ही गोष्ट मात्र पुष्कळांस ठाऊक आहे. आणि ती खरी नाहीं.

जें घडलें तें विसरलें गेलें आणि जें घडलें नाहीं तें स्मरणांत राहिलें. ह्याचा उलगडा खगोलभौतिकीच्या नियतकालिकांतून होतो. मात्र तीं नियतकालिकें काय छापतात, केव्हां छापतात आणि कोणत्या क्रमानें छापतात, हें जाणल्यावांचून त्यांचा साधन म्हणून उपयोग करतां येत नाहीं. तें थोडक्यांत सांगावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२. प्रथम आख्यायिका पाहूं. ती अशी: शके १७९०, श्रावण वद्य ३०, मंगळवार, म्हणजे ता. १८ ऑगस्ट १८६८ रोजीं झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळीं नॉर्मन लॉकियर हे विजयदुर्ग किल्ल्यावर होते. तेथील ओट्यांवर त्यांनीं दुर्बिणी मांडल्या, आणि सूर्याच्या वर्णपटांतील पिवळी रेषा पाहून हेलियमचा शोध लाविला. किल्ल्यांत ‘साहेबाचे ओटे’ म्हणून दाखविले जातात, आणि अलीकडे १८ ऑगस्ट हा दिवस तेथें हेलियमदिन म्हणून पाळला जातो. ओटे आहेत, साहेब आले होते, ग्रहण झालें होतें, आणि लॉकियरांचें नांव हेलियमशीं कायमचें जोडलेलें आहे. एवढ्या खऱ्या गोष्टी एकत्र आल्यावर त्यांची सांधणी चुकीची असेल अशी शंका येत नाहीं. पण ती चुकीची आहे. दोन निरनिराळीं ग्रहणें येथें एक झालीं आहेत.

३. इ. स. १८६८ चें छापील प्रमाण काय सांगतें तें पाहूं. त्या ग्रहणाची छाया पश्चिम किनाऱ्यावरून देशांत शिरून पूर्व किनाऱ्याकडे गेली. तिच्या मार्गावर गुंतूर येथें फ्रान्सचे जान्सेन आणि इंग्रज लष्करी अधिकारी टेनंट, मच्छलीपट्टण येथें मद्रास वेधशाळेचे पॉगसन, आणि जमखिंडी येथें लेफ्टनंट जॉन हर्शेल हे होते. जमखिंडी म्हणजे त्या काळचें पटवर्धनांचें संस्थान. आज तें गांव कर्नाटकांत आहे. हर्शेल ह्यांना आभाळानें फार त्रास दिला. ढगांच्या फटींतून त्यांना सौरज्वालेचा वर्णपट दिसला. त्यांत एक तांबडी, एक नारिंगी व एक निळी अशा तेजस्वी रेषा होत्या. नारिंगी रेषा, आपलें यंत्र जितकें सांगूं शकतें तितक्यापुरती, सोडियमच्या डी रेषेशीं एकरूपच आहे, असा निर्णय त्यांनीं दिला, आणि तो लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तांत छापला गेला. पुढें जी रेषा हेलियमची ठरली, ती मराठी संस्थानांतून पाहिली गेली खरी. पण ती जमखिंडीहून, आणि पाहणाऱ्यानें तिला ओळखलें नाहीं.

लॉकियर त्या दिवशीं हिंदुस्थानांत नव्हतेच. ते लंडनमध्यें होते. ग्रहणावांचूनहि सौरज्वालांच्या रेषा दिसूं शकतील ही कल्पना त्यांच्या मनांत पूर्वींपासून होती. परंतु लागणारें यंत्र उशिरा हातीं आल्यामुळें त्यांना यश आलें तें २० ऑक्टोबर १८६८ रोजीं. जान्सेन ह्यांनीं हीच युक्ति गुंतूर येथें ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशीं साधली होती. पण त्यांचें पत्र समुद्रमार्गें जावयाचें होतें. दोघांचीहि वार्ता पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढें २६ ऑक्टोबर १८६८ च्या एकाच बैठकींत आली, आणि दोघांसहि सारखाच मान मिळाला. पुढें इ. स. १८७२ मध्यें फ्रेंच सरकारनें दोघांच्याहि मुद्रा असलेलें पदक पाडलें. लॉकियर १८ ऑगस्टला विजयदुर्गावर असते, तर २० ऑक्टोबरच्या टिपणास कांहींच अर्थ उरला नसता.

आणखी एक गोष्ट. त्या वर्षीं कोणीच ‘हेलियम’ शोधला नाहीं. एक अनोळखी रेषा तेवढी दिसली. त्या रेषेवरून नवें द्रव्य असावें हें अनुमान, व त्याला हेलियम हें नांव, इ. स. १८७१ मध्यें विल्यम थॉमसन ह्यांच्या ब्रिटिश असोसिएशनपुढील अध्यक्षीय भाषणाबरोबर छापून आलें. पृथ्वीवर तो वायु रॅमसे ह्यांना सांपडला इ. स. १८९५ मध्यें. शोध म्हणजे एक क्षण नसून सत्तावीस वर्षांची साखळी आहे, हें मूळ कागद पाहतांच कळून येतें.

४. मग विजयदुर्गचे ओटे कोणाचे? तेहि लॉकियरांचेच, पण तीस वर्षांनंतरचे. शके १८१९, पौष वद्य ३०, शनिवार, म्हणजे ता. २२ जानेवारी १८९८ रोजीं दुसरें खग्रास ग्रहण झालें. त्याचा छायापट्टा कोंकणांत शिरून देश, वऱ्हाड व नागपूरचा परिसर ओलांडून ईशान्येस गेला. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची; पण हवा स्वच्छ, हिवाळ्याचे दिवस, आणि लोहमार्ग जवळ. त्यामुळें ह्या पट्ट्यावर जणूं जागतिक वेधशाळेचीच छावणी पडली. विजयदुर्गावर लॉकियर होते, आणि मेल्पोमिनी ह्या युद्धनौकेवरील अधिकारी व खलाशी त्यांना साहाय्य करीत होते. सोलापूर जिल्ह्यांत जेऊर येथें अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कँबेल, जपानची एक मंडळी, आणि पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयांतील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला हे होते. वऱ्हाडांत तळणी येथें ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या मंडळींत वॉल्टर व ॲनी माँडर हें दांपत्य आणि जॉन एव्हरशेड होते. पुलगांव येथें न्यूऑल व हिल्स, आणि घोगलीस कोपलंड.

ह्या शिबिरांतून निघालेलें काम लहान नव्हतें. तळणी येथें ॲनी माँडर ह्यांनीं स्वतः बेतलेल्या यंत्रानें प्रभामंडलाचा फार दूरवर गेलेला किरण छायाचित्रांत पकडला. तेथेंच एव्हरशेड ह्यांनीं ग्रहणकालीन वर्णपटाच्या जंबुपार भागाचीं उत्तम छायाचित्रें मिळविलीं. हेच एव्हरशेड पुढें इ. स. १९०७ मध्यें कोडाईकॅनॉलच्या वेधशाळेंत आले, व सूर्यावरील डागांतून वायु बाहेरच्या दिशेनें वाहतो हें त्यांनीं इ. स. १९०९ मध्यें दाखवून दिलें. हा परिणाम आज जगभर त्यांच्याच नांवानें ओळखला जातो.

५. हें सर्व कोठें छापलें गेलें, आणि कसें? खगोलभौतिकीच्या प्रकाशनाचे तेव्हां तीन टप्पे होते. पहिला टप्पा त्रोटक टिपणाचा: ‘अमुक दिवशीं अमुक दिसलें’ एवढेंच त्यांत असे, व तें हक्काची नोंद म्हणून शक्य तितक्या लवकर छापलें जाई. दुसरा प्राथमिक वृत्तांताचा: स्थळ, अक्षांश-रेखांश, यंत्रें, सहाय्यक, हवा, घेतलेल्या छायाचित्रांची यादी. घोगली व पुलगांव येथील असे वृत्तांत रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तांत निघाले. तिसरा टप्पा पूर्ण प्रबंधाचा. त्यांत मोजमापें व कोष्टकें असत, आणि तो निघण्यास वर्षें लागत. विजयदुर्गावरील वेधांचा लॉकियर व त्यांचे सहकारी ह्यांचा प्रबंध, तसेंच एव्हरशेड ह्यांचा तळणीच्या वर्णपटांवरील प्रबंध, हे दोन्ही ‘फिलॉसॉफिकल ट्रँझॅक्शन्स’ ह्या ग्रंथमालेंत इ. स. १९०१ मध्यें आले. नायगमवाला ह्यांचा जेऊरचा अहवाल पुण्याच्या वेधशाळेच्या प्रकाशनांत इ. स. १९०२ मध्यें निघाला.

आपल्या शास्त्रांत समकालीन पत्र श्रेष्ठ व मागाहून रचलेली बखर कनिष्ठ, असा दंडक आहे. येथें तो अर्धाच लागू पडतो. ‘कोण, कोठें, केव्हां’ ह्यासाठीं पहिलें टिपणच प्रमाण. पण ‘काय दिसलें’ ह्यासाठीं शेवटचा प्रबंध अधिक विश्वासार्ह, कारण कांचा पुनःपुन्हां मोजून तो सिद्ध झालेला असतो. विजयदुर्गची चूक नेमकी ह्याच भेदाकडे दुर्लक्ष झाल्यामुळें घडली आहे. ‘लॉकियर’, ‘ग्रहण’ व ‘हेलियम’ हे तीन शब्द घेतले गेले. त्यांच्या मागच्या तारखा सुटल्या.

जें नियतकालिकांत वेळेवर आलें नाहीं त्याची गत काय होते, ह्याचें उदाहरण म्हणजे मच्छलीपट्टणचे पॉगसन. त्यांनींहि इ. स. १८६८ मध्यें ती पिवळी रेषा पाहिली होती. ती डी रेषेवर किंवा तिच्या जवळ आहे, असें सावधपणानें नोंदविलें होतें. परंतु त्यांचा वृत्तांत मद्रास सरकारच्या छापील अहवालांत पडून राहिला, आणि युरोपांतील वाद त्याच्यावांचूनच मिटला.

६. आतां विषयांकडे वळूं. नियतकालिकांतील विषय यंत्रांच्या मागोमाग चालतात, हा त्यांचा पहिला नियम. वर्णपटदर्शक आला तेव्हां सूर्य व त्याच्या ज्वाला हाच मुख्य विषय झाला. अमेरिकेंत हेल व कीलर ह्यांनीं जानेवारी १८९५ मध्यें ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’ काढलें तें वर्णपटशास्त्र व खगोलभौतिकी ह्यांना वाहिलेलें म्हणूनच. पुण्याची महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा इ. स. १८८८ पासून चालूं झाली, भावनगरच्या महाराजांच्या देणगीच्या आधारानें. तेथील वीस इंची परावर्ती दुर्बीण पुढें कित्येक वर्षें हिंदुस्थानांत सर्वांत मोठी होती. नायगमवाला ह्यांनीं मृग नक्षत्रांतील तेजोमेघाच्या वर्णपटाचे वेध घेतले, आणि त्यांवरील टिपण लंडनच्या ‘मंथली नोटिसेस’मध्यें इ. स. १८९१ मध्यें छापलें. त्या तेजोमेघाची मुख्य रेषा रेखीव आहे असें त्यांना आढळलें. हें लॉकियर ह्यांच्या तत्कालीन मताविरुद्ध जाणारें होतें. पुण्यास बसून लंडनच्या वादांत पुराव्यानिशी बोलण्याची सोय नियतकालिकानें करून दिली, ही लहान गोष्ट नव्हे. पण वेधशाळा एका माणसावर उभी होती. नायगमवाला इ. स. १९१२ मध्यें निवृत्त झाले. ती बंद झाली, आणि दुर्बीण कोडाईकॅनॉलला गेली.

दुसरा नियम असा कीं विषयांइतकाच खर्च व अंतर ह्यांचाहि निर्णय असतो. मेघनाद साहा ह्यांनीं इ. स. १९१७ मध्यें प्रकाशाच्या दाबावरील एक मोठा निबंध ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’कडे धाडला. निबंध लांब आहे, छपाईच्या खर्चाचा कांहीं भाग लेखकानें सोसावा, असें उत्तर आलें. तरुण अध्यापकाजवळ तेवढे पैसे नव्हते. त्याचा एक त्रोटक भाग तेवढा इ. स. १९१९ मध्यें तेथें निघाला. सविस्तर लेख कलकत्ता विद्यापीठाच्या नियतकालिकांत गेला, आणि बाहेरच्या जगानें तो फारसा पाहिला नाहीं. विष्णु वासुदेव नारळीकर हे मूळचे कोल्हापूरचे; ते बनारसला अध्यापन करीत असतां त्यांच्याजवळ काम करणारे प्र. चु. वैद्य ह्यांनीं किरणोत्सर्गी ताऱ्याच्या गुरुत्वक्षेत्राचें गणित सोडविलें. तें बंगळूरच्या ‘करंट सायन्स’मध्यें इ. स. १९४३ मध्यें छापलें. त्याची महती पाश्चात्य देशांत उमगावयास पुष्कळ वर्षें लागलीं. चित्राचें दुसरें अंगहि सांगितलें पाहिजे. ज्या अमेरिकन नियतकालिकानें साहांपुढें खर्चाची अट घातली, त्यानेंच चंद्रशेखर ह्यांचा श्वेत खुजा ताऱ्यांच्या कमाल वस्तुमानावरील लेख इ. स. १९३१ मध्यें छापला, आणि इ. स. १९५२ ते १९७१ पर्यंत त्याचें संपादकत्व चंद्रशेखर ह्यांच्याचकडे होतें.

७. स्वदेशी नियतकालिकाची गरज ह्या अनुभवांतून उत्पन्न झाली. भारतीय ज्योतिर्विज्ञान संस्थेची पत्रिका इ. स. १९७३ मध्यें निघाली, आणि वेणू बाप्पू ह्यांच्या पुढाकारानें बंगळूरच्या इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेसनें ‘जर्नल ऑफ ॲस्ट्रोफिजिक्स अँड ॲस्ट्रॉनॉमी’ इ. स. १९८० मध्यें सुरू केलें. पुढें पहिली पत्रिका ह्या दुसऱ्या नियतकालिकांत विलीन झाली. ह्या नियतकालिकाचे अंक चाळले असतां तेच नियम नव्या वेषांत दिसतात. विषय यंत्रांच्या मागून चालतात: ॲस्ट्रोसॅट हा उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ रोजीं आकाशांत गेला, व इ. स. २०१७ मध्यें त्याच्या यंत्रांवर व त्यांच्या मापनशुद्धीवर एक विशेषांक निघाला. त्याच्या आदल्या वर्षीं स्क्वेअर किलोमीटर ॲरे ह्या आगामी रेडिओ दुर्बिणीविषयींच्या भारतीय संकल्पांचा विशेषांक निघाला होता. ह्या दोन्ही कामांत पुण्याच्या संस्थांचा वांटा मोठा आहे.

मात्र एक गोष्ट डोळ्यांत भरते. यंत्राचें वर्णन घरच्या नियतकालिकांत येतें, आणि यंत्रानें लागलेला शोध बहुधा परदेशांतल्या. जुन्नर तालुक्यांत खोडद येथें प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तिचें मूळ वर्णन ‘करंट सायन्स’मध्यें इ. स. १९९१ मध्यें आलें, व तिच्या सुधारलेल्या रूपाचें वर्णन तेथेंच इ. स. २०१७ मध्यें. परंतु पुण्याच्या आयुका संस्थेंतील संशोधकांनीं वर्णिलेला ‘सरस्वती’ हा दीर्घिकांचा महासमूह इ. स. २०१७ मध्यें ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’मध्यें आला, आणि खोडदच्या वेधांचा उपयोग केलेला मंद गुरुत्वतरंगांविषयींचा इ. स. २०२३ चा लेख युरोपच्या ‘ॲस्ट्रॉनॉमी अँड ॲस्ट्रोफिजिक्स’मध्यें. त्या लेखावर लेखकांचीं नांवेंच कित्येक ओळी व्यापतात. एकट्या नायगमवालांचा काळ गेला.

छपाईच्या रीतींतहि पालट झाला. इ. स. १९९१ पासून आर्काइव्ह ह्या संगणकीय भांडारांत लेख छपाईपूर्वींच ठेवले जातात. पूर्वीं त्रोटक टिपण जें काम करी तें आतां तेथील तारीख करते. ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’ इ. स. २०२२ पासून व ‘मंथली नोटिसेस’ इ. स. २०२४ पासून वाचकांस विनामूल्य झालीं. खर्च लेखकाकडून किंवा त्याच्या संस्थेकडून घेतला जातो. सवलतींची सोय असते हें खरें. तरी साहांपुढें उभा राहिलेला प्रश्न शंभर वर्षांनींहि मिटलेला नाहीं.

८. ह्या साधनांचा उपयोग करूं इच्छिणाऱ्यांसाठीं तीन सूचना. पहिली: वेधाची, सभेपुढें वाचल्याची व छापल्याची अशा तीन तारखा निरनिराळ्या धराव्या. दुसरी: स्थळनामें साहेबी उच्चाराप्रमाणें शोधावीं, विजयदुर्ग हें त्या कागदांत ‘व्हिझियाड्रुग’ होऊन बसलें आहे. तिसरी: शीर्षकांत मुख्य वेधकर्त्याचें नांव असतें; मांडव घालणारे, यंत्रें वाहणारे, सेकंद मोजणारे स्थानिक लोक मजकुराच्या आंत एखाद्या ओळींत असतात, किंवा मुळींच नसतात. त्यांच्यासाठीं आपलींच दप्तरें धुंडाळलीं पाहिजेत.

विजयदुर्गाच्या कीर्तीस उसन्या शोधाची गरज नाहीं. त्या किल्ल्याचा दिवस २२ जानेवारी हा आहे, आणि तो जेऊर, तळणी, पुलगांव व घोगली ह्या चार गांवांबरोबर वांटून घेण्याचा आहे. १८ ऑगस्टचा मान द्यावयाचाच असेल तर तो जमखिंडीस द्यावा. तेथें रेषा दिसली, एवढें तरी खरें. ओट्यांशेजारीं योग्य तारखेचा एक दगड बसला, तर किल्ल्याचें कांहींएक उणें होणार नाहीं.

जमखिंडी संस्थानच्या कागदांत शके १७९० च्या श्रावणाची, अथवा वऱ्हाड-नागपुराकडील कोणाच्या घरच्या दप्तरांत शके १८१९ च्या पौषाची एखादी नोंद असल्यास ती जाणत्यांनीं प्रसिद्ध करावी. परदेशी नियतकालिकांनीं आपली बाजू छापून ठेविली आहे. आपल्याकडची बाजू अद्याप छापावयाची आहे.